वर्ग बोलता कसा करायचा? शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पाचवी ते दहावीला शिकवणाऱ्यांसाठी आहेत. डोळ्यांसमोर ठेवलेला वर्ग असा : पट ४५ ते ६०, तास ३५ मिनिटांचा, बाक लोखंडी आणि जड, साहित्य म्हणजे फळा, खडू आणि मुलांच्या वह्या. स्मार्ट बोर्ड असला तर असो. खालच्या एकाही गोष्टीला तो लागत नाही.

मुलांचा सहभाग वाढवायचा म्हणजे रोज उपक्रम घ्यायचे का?

नाही. उपक्रमात हात चालतात, डोकं चालेलच असं नाही. ज्वालामुखीची प्रतिकृती करताना तास थर्माकोल कापण्यात आणि रंग वाळवण्यात जातो. ज्वालामुखी मुळात का फुटतो, यावर दोन मिनिटंही बोलणं होत नाही. उलट, कोपऱ्यात गप्प बसून एका उदाहरणाशी झटणारी मुलगी पूर्ण सहभागी असते.

साधी कसोटी लावा. गेल्या पाच मिनिटांत वर्गातल्या किती मुलांना स्वतः काहीतरी ठरवावं लागलं? निवडावं, लिहावं, खोडावं, शेजाऱ्याला पटवावं लागलं? उत्तर ‘पाच-सहा’ असेल तर वर्ग कितीही हसता-खेळता असो, उरलेली चाळीस मुलं प्रेक्षक आहेत.

मधल्या काळात कृतीतून शिकवण्यासाठी नावाजलेल्या, साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (म्हणजे शाळांच्या एका गटाच्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि परतल्यावर आधी रंगाचे डबे आणले. फरशीवर आकडे, भिंतीवर बाराखडी. फरशी रंगवणं सोपं आहे. त्या फरशीवर मुलाने काय करायचं आणि शिक्षकाने कधी गप्प राहायचं, ते आणणं अवघड.

प्रश्न विचारला की तीच पाच मुलं हात वर करतात. बाकीच्यांचं काय करायचं?

काही दिवस हात वर करणंच बंद ठेवा. हात वर करण्याच्या पद्धतीत न बोलण्याची मुभा असते, आणि ती कुणाला लागते हे मुलांना पहिलीपासून ठाऊक असतं.

त्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्या घ्या. प्रत्येक काडीवर एका मुलाचं नाव लिहून काड्या डब्यात ठेवा. ५० काड्यांचं पाकीट स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. नाही मिळालं तर जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चालतात. क्रम मात्र सांभाळा : आधी प्रश्न, मग थांबणं, शेवटी काडी. ‘रोहन, सांग बरं, अपवर्तन म्हणजे काय?’ असं नाव आधी घेतलं, की रोहन सोडून सगळा वर्ग सुटतो. नाव शेवटी आलं तर तोपर्यंत प्रत्येकाला वाटतं की आपला नंबर लागू शकतो.

इथे दोन चुका होतात. पहिली, काढलेली काडी बाजूला ठेवणं. ज्याचं नाव होऊन गेलं तो दिवसभर निवांत. काडी पुन्हा त्याच डब्यात टाका. दुसरी चूक जास्त महागात पडते : दंगा करणाऱ्याला ‘पकडायला’ काडी काढल्याचं नाटक करणं. मुलं हे एका दिवसात ओळखतात, आणि डबा शिक्षेचा होतो. मग तो बंदच केलेला बरा.

‘येत नाही’ असं उत्तर आलं तर पुढच्या मुलाकडे जा, पण दोन उत्तरांनंतर पहिल्याकडे परत या : ‘आता दोघांचं ऐकलंस. तुला कुणाचं पटतं? का?’ ‘येत नाही’ म्हटलं की सुटका होते, हे वर्गाला कळता कामा नये. आवाज मात्र नेहमीचाच ठेवा. दम दिल्यासारखं झालं तर सगळं मुसळ केरात.

प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं?

किमान तीन सेकंद. ऐकायला फार कमी वाटतं, पण करून बघा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते स्वतः सांगतात, प्रश्न फिरवून विचारतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

थांबण्याच्या जागा दोन आहेत. एक प्रश्नानंतर. दुसरी उत्तरानंतर, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुलाने उत्तर दिलं की आपण लगेच ‘शाब्बास’ म्हणतो किंवा तेच उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणतो. ‘शाब्बास’ म्हटलं की विषय संपला. बाकीच्यांनी विचार कशाला करायचा? आणि मुलाचं उत्तर आपणच पुन्हा सांगायला लागलो, की मुलं एकमेकांचं ऐकणं सोडतात, कारण कामाचं ते सर परत सांगणारच आहेत.

अडचण शांततेची असते. ती शिक्षकालाच जास्त टोचते. भिंतीवर घड्याळ असेल तर सेकंदकाट्याकडे बघा. नसेल तर खडू खाली ठेवा, दोन पावलं मागे जा, मग डबा उचला. हालचालीत तीन सेकंद सहज जातात. या वेळात प्रश्न दुसऱ्या शब्दांत मांडायचा मोह आवरा. पहिल्या प्रश्नावर विचार सुरू केलेल्या मुलाला तो नवा प्रश्न वाटतो.

सगळ्याच प्रश्नांना थांबायची गरज नसते. ‘सात नवे?’ याला पटकन उत्तर हवं. थांबायचं ते ‘का’ आणि ‘कसं’ साठी.

‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो बाई’ म्हणतात, आणि चाचणीत कोरे कागद. असं का?

कारण त्या प्रश्नाला वर्गात दुसरं उत्तरच नसतं. ‘नाही’ म्हणणारं मूल सगळ्यांचा वेळ खाणारं ठरतं. शिवाय न समजलेल्याला आपल्याला समजलं नाही हे बरेचदा कळतच नाही; फळ्यावरचं उदाहरण सुटताना बघितलं की आपल्यालाही येतं असं वाटतं.

‘समजलं का’ ऐवजी असं काही विचारा की समजलं असल्याशिवाय उत्तरच देता येणार नाही. आणि ते सगळ्यांकडून एकदम घ्या. त्यासाठी पाटीसारखं साधन नाही.

पाटी? ती तर बालवाडीत वापरतात.

दहावीतही चालते. दगडी पाटी, पत्र्याची पाटी किंवा पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये घातलेला पांढरा कागद, काहीही. फोल्डर घेतलात तर व्हाइटबोर्ड मार्कर लागतात. मुलं टोपण उघडं ठेवतात आणि महिन्याभरात निम्मे मार्कर सुकतात. म्हणून खडू-पाटीच बरी. ५० पटाला ५५ पाट्या ठेवा, फुटतातच. खडूचे बोटभर तुकडे एका डब्यात, पुसायला जुन्या सुती कापडाचे तुकडे दुसऱ्या डब्यात. वाटायचं काम प्रत्येक रांगेच्या पहिल्या बाकाचं. दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर तेवढाच दोनदा सराव घ्या.

पद्धत : प्रश्न फळ्यावर लिहा. मुलं उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरतात. ‘एक, दोन, वर!’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. एकदम हे महत्त्वाचं. पाट्या जशा तयार होतील तशा वर जाऊ दिल्या, तर हुशार म्हणून नाव असलेल्या मुलीची पाटी बघून अर्धा वर्ग आपलं उत्तर पुसतो. अक्षर चार बोटं उंच, नाहीतर मागचं दिसत नाही.

प्रत्यक्ष कसं होतं ते सहावीच्या दशांश अपूर्णांकावर बघू. फळ्यावर : ०.४५ आणि ०.५, मोठी संख्या कोणती? बऱ्याच पाट्यांवर ०.४५ असतं. चूक-बरोबर काही न सांगता :

‘तू ०.४५ का लिहिलंस?’

‘बाई, पंचेचाळीस पाचपेक्षा मोठे.’

‘आणि तू ०.५ का?’

‘बाई, ते पन्नास पैसे झाले. हे पंचेचाळीसच पैसे.’

इथे कारण कळलं, पण थांबू नका. ०.५ लिहिणाऱ्यांतही काही जण चुकीच्या वाटेने बरोबर जागी पोचलेले असतात. त्यांचा नियम असतो, ‘पॉइंटनंतर आकडे जास्त तितकी संख्या लहान’. ते पकडायला लगेच दुसरा प्रश्न : ०.६२ आणि ०.४. आता या मुलांच्या पाट्यांवर ०.४ येतं. मग तिसरा : ०.५ आणि ०.४९८. पैशांची उपमा शतांशापर्यंतच पुरते, इथे ती तोकडी पडते, आणि स्थानिक किंमत खरंच कोणाला कळली ते दिसतं. तीन प्रश्न, सहा मिनिटं. एरवी हीच माहिती घटक चाचणीचे पेपर तपासताना मिळते, तेव्हा पुढचा घटक सुरू झालेला असतो.

पाट्या नसतील तर बहुपर्यायी प्रश्न करा आणि बोटांनी उत्तर घ्या : पर्याय १ ला एक बोट, ४ ला चार. हात छातीजवळ, म्हणजे मागच्याला दिसत नाही.

कोणत्या प्रश्नांवर मुलं खरंच बोलतात?

ज्यात दोन उत्तरं पटण्यासारखी असतात. ‘प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या सांगा’ यावर वाद होत नाही. हे विचारून बघा : चिंचोका मुठीत मावतो, त्याचं झाड झाल्यावर ते टनावारी वजनाचं होतं. एवढं वजन आलं कुठून? १) माती, २) पाणी, ३) हवा, ४) ऊन. आठवी-नववीतही सगळ्यात जास्त बोटं मातीला जातात. व्याख्या पाठ असलेल्यांचीसुद्धा.

आता उत्तर न सांगता एक प्रयोग सांगा. बेल्जियमच्या यान व्हान हेल्मोंटने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती तोलून भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट दोन औंसांची, म्हणजे साठेक ग्रॅम. हे १६४८ साली छापून आलं. मातीवाल्यांची पंचाईत होते. हेल्मोंटने स्वतः निष्कर्ष काढला तो पाण्याचा, आणि वर्गातलीही बरीच मुलं पाण्याकडे वळतात. मग विचारा : ‘लाकूड वाळवलं की पाणी उडून जातं. मग वाळलेल्या ओंडक्याला वजन कसलं?’ हवेतला कार्बन डायऑक्साइड इथे हजेरी लावतो, आणि तोही मुलांच्या तोंडून.

असे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. घटकामागे दोन पुरेत. चांगला कच्चा माल म्हणजे मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका : ज्या चुका दहा-बारा जणांनी सारख्याच केल्या त्या पर्याय म्हणून घाला.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझूर यांनी १९९१ पासून याच प्रकाराला शिस्त लावली. प्रश्न, एकट्याने मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तरच चर्चेला सोडायचं, हा त्यांचा अंदाज शाळेतही लागू पडतो. त्याहून कमी असतील तर चर्चेत चुकीचंच पसरतं, आधी थोडं शिकवा. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे चला.

जोडीत चर्चा करा म्हटलं की मुलं क्रिकेटवर बोलतात.

बोलणारच. ‘चर्चा करा’ ही सूचना नाहीच. काय करायचं, किती वेळात, आणि शेवटी हातात काय हवं, हे सांगा.

अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला क्रम अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे : आधी एकट्याने, मग जोडीत, मग वर्गात. एक मिनिट प्रत्येकाने कच्च्या वहीत एक ओळ लिहायची, पूर्ण शांतता. मग दीड मिनिट जोडीत. बाकावर भिंतीकडचा तो ‘अ’, दाराकडचा तो ‘ब’. आधी ब बोलेल, अ ऐकेल. टाळी वाजली की उलट. मग काडी काढून विचारा, ‘तुझ्या जोडीदाराचं म्हणणं काय होतं?’ स्वतःचं नाही, जोडीदाराचं. हे माहीत असलं की ऐकणं आपोआप होतं.

लिहिण्याचं पहिलं मिनिट वेळ वाचवायला गाळलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. ते गाळलं तर जोडीतला चटपटीत बोलतो आणि दुसरा मान हलवतो. वेळही कमी द्या. पाच मिनिटं दिली तर क्रिकेट येणारच.

बाकावर तिघं असतील तर तिसरा ‘क’ : दोघांचं ऐकून फरक सांगायचा. दर वेळी जागा फिरवा. आवाज वाढेल. शेजारच्या वर्गातून निरोप येऊ नये म्हणून हाताची एक खूण ठरवा : शिक्षकाचा हात वर गेला की बघणाऱ्याने बोलणं थांबवून आपलाही हात वर करायचा. आठवडाभरात पाच-सात सेकंदांत वर्ग शांत होतो. ‘शांत बसा, शांत बसा’ ओरडून तेवढ्यात होत नाही, घसा मात्र बसतो.

गटकार्यात एक जण करतो, बाकीचे बघतात.

गट सहा-आठ जणांचा असेल तर असंच होतं. गट चौघांचा ठेवा : पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, बाक हलवायचा नाही. कागद एकच, पेन एकच, आणि लिहिणारा बदलता. काम असं निवडा की एकट्याला उरकता येणार नाही : चौघांना चार वेगवेगळे उतारे द्या, प्रत्येकाने आपल्यातली माहिती सांगितल्याशिवाय तक्ता पुरा होणार नाही. सांगायला कोण उभं राहील ते काम संपल्यावर काडीने ठरवा.

हुशार मुलाला कायमचा गटप्रमुख करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. त्याने काम उरकतं, पण बाकी तिघं त्याच्या हाताखालचे होतात आणि त्या मुलाचंही काही भलं होत नाही.

पोर्शन कसा पुरा होणार?

हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या महिन्यात तुम्ही मागे पडाल, एखाद्-दुसरा घटक. पुढे तो वेळ थोडाफार भरून निघतो, कारण परत शिकवणं कमी होतं. पण सगळ्याच घटकांना ही वागणूक देऊ नका. माहितीवजा पाठ मुलांना वाचायला देऊन दहा प्रश्नांत उरकले तरी चालतं. अपूर्णांक, ऋण संख्या, बल आणि गती, प्रयोग अशा जागी, जिथे दरवर्षी गाडी अडते, तिथे वेळ घाला.

३५ मिनिटांचा एक हिशेब : हजेरी आणि बसणं २, मागच्या तासाची उजळणी ४, नवं शिकवणं १०, पाट्या किंवा जोडी ५, वहीत सराव १०, शेवटची चिठ्ठी ४.

उजळणीची ती चार मिनिटं सगळ्यात फायद्याची. वही बंद, तीन प्रश्न : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. उत्तरं कच्च्या वहीत, तपासणी ज्याची त्याने, गुण नाहीत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र फिरलं : वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचल्यावर सगळं येतं आणि महिन्याने पाटी कोरी, त्याचं कारण यातच आहे.

शेवटची चिठ्ठी म्हणजे?

पाठकोऱ्या कागदाचा चौथाई तुकडा. तास संपायच्या आधी फळ्यावरच्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्यावर लिहून दारात शिक्षकाच्या हातात द्यायचं. ५० चिठ्ठ्यांच्या तीन थप्प्या करा : आलं, अर्धवट, नाही आलं. सात-आठ मिनिटं लागतात. लाल पेन हातात घेऊ नका. तपासायला लागलात तर तिसऱ्या दिवशी ही सवय बंद पडेल. उद्याचा तास कुठून सुरू करायचा एवढंच थप्प्यांची उंची सांगते. आठवड्यातून दोनदा पुरे.

घरची बोली वेगळी असलेली मुलं अजिबात तोंड उघडत नाहीत.

नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरला वारली. शिवाय अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी. मूल गप्प बसतं तेव्हा त्याला विषय येत नसतो असं नाही, पुस्तकी मराठीत सांगता येत नसतं. ‘व्हतं’ म्हटल्यावर वर्ग एकदा हसला, की ते मूल वर्षभर बोलत नाही.

जोडीतलं पहिलं बोलणं घरच्या भाषेत होऊ द्या. तशी भाषा बोलणारी दोन मुलं शेजारी बसवा. वर्गासमोर सांगताना पुस्तकातला एकच पारिभाषिक शब्द नेमका यायला हवा, बाकीचं वाक्य कसंही चालेल : ‘पानी गरम झालं न् त्याचं बाष्पीभवन झालं’ हे विज्ञानाच्या तासाला शंभर टक्के बरोबर उत्तर आहे. प्रमाण मराठी मराठीच्या तासाला शिकवा, आणि तिथेही आधी ऐकून घ्या, मग सुधारा. फळ्याच्या एका कडेला त्या घटकाचे पाच-सहा शब्द पुस्तकातले आणि शेजारी मुलांचे असे लिहून ठेवले तर मुलं ते बघून वाक्य जुळवतात. आपल्याला ती बोली येत नसेल तर शब्द मुलांनाच विचारा. त्या पाच मिनिटांत वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी शिक्षिका होते.

चुकीचं उत्तर आलं तर काय म्हणायचं?

‘चूक’ म्हणायला हरकत नाही. लगेच म्हणायला आहे. आधी ‘हे तू कसं काढलंस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायची सवय ठेवा. फक्त चुकल्यावरच ‘कसं काढलंस’ विचारलं, तर मुलं प्रश्न ऐकताच उत्तर बदलतात. चूक फळ्यावर लिहा, नाव लिहू नका. आणि शेवटी बरोबर काय ते स्पष्ट सांगा. ‘सगळ्यांची मतं आपापल्या जागी बरोबर’ असं करून तास संपवला, तर दशांश अपूर्णांकात ते चालत नाही.

मुलं स्वतः प्रश्नच विचारत नाहीत.

‘कुणाला काही शंका?’ हे आपण घंटा व्हायच्या बेतात, पुस्तक मिटता मिटता विचारतो. तेव्हा शंका काढणारा सगळ्या वर्गाचा शत्रू. विचारायची वेळ तासाच्या मध्यावर आणा आणि लेखी घ्या : ‘या धड्यावर बाईंना अडचणीत आणेल असा एक प्रश्न लिहा.’ एक मिनिट. जोडीने दोनातला एक निवडायचा. ५० मुलांतून २५ प्रश्न येतात, त्यातले पाच-सहा खरे असतात. उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि उद्या खरंच सांगा. दोनदा विसरलात की प्रश्न बंद.

लाजाळू मुलाला काडी काढून उभं करणं बरं आहे का?

थेट नको. जोडीत बोलून झाल्यावर, लिहिलेलं बघून वाचायला सांगा. अगदीच अवघड असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा : ‘उद्या तिसरा प्रश्न तुला विचारणार.’ अडखळणाऱ्या मुलाला वाक्य पुरं करून देऊ नका, वर्गालाही देऊ देऊ नका.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतील तर?

वीस मिनिटं एका इयत्तेला थेट शिकवणं, तेवढ्यात दुसरीला लेखी सूचनेचं काम, मग अदलाबदल. सूचना फळ्यावर आधीच लिहिलेली हवी आणि ‘अडलं तर कुणाला विचारायचं’ हेही त्यात हवं, नाहीतर दर दोन मिनिटांनी कुणीतरी पदर ओढतं. मोठ्यांनी लहानांना सांगणं चांगलं, पण तेच मोठे रोज नकोत.

आकारिक मूल्यमापनात याची नोंद कशी करायची?

आकारिक म्हणजे शिकणं चालू असतानाच केलेलं मूल्यमापन. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयातल्या योजनेत त्याची आठ साधनं आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. पाटीवरची उत्तरं निरीक्षणात बसतात, जोडीदाराचं म्हणणं सांगणं तोंडी कामात. रोज पाचच मुलांची नोंद करा, एकेक ओळ, जे दिसलं तेच : ‘०.६२ पेक्षा ०.४ मोठे म्हणाली. आगपेटीच्या काड्यांनी दाखवल्यावर दुरुस्त केले.’ दहा दिवसांत वर्ग फिरून होतो. ‘उत्साहाने सहभाग घेतो’ हे पन्नास जणांपुढे छापल्यासारखं लिहिण्यात अर्थ नाही. बोलण्याला गुण देऊ नका. गुण दिले की बोलकी मुलं जास्त बोलतात, एवढंच होतं.

पालक म्हणतात, वहीत काहीच लिहिलेलं नाही.

त्यांना वही हाच पुरावा दिसतो, त्यात त्यांची चूक नाही. रोज शेवटी तारखेसह दोन ओळी मुलांच्या शब्दांत वहीत येऊ द्या. पालकसभेत भाषणापेक्षा वडीलधाऱ्यांच्याच हातात पाट्या द्या आणि झाडाचं वजन कुठून येतं ते विचारा.

मुख्याध्यापकांसाठी आधार हवा असेल तर तो कायद्यातच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९, कलम २९(२) : कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकणं, आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं.

हे चालतंय की नाही, कसं कळणार?

सहकाऱ्याला एक तास मागच्या बाकावर बसवा. हातात वर्गाच्या बाकांचा नकाशा, प्रत्येक मुलामागे एक चौकोन. मूल विषयावर एखादं वाक्य बोललं, मग ते वर्गासमोर असो की जोडीत, की एक रेघ. शिक्षक बोलत असताना घड्याळ चालू, थांबले की बंद. शेवटी दोन आकडे हातात येतात : ३५ पैकी किती मिनिटं शिक्षकाचा आवाज होता, आणि किती चौकोन कोरे राहिले. कोरे चौकोन बहुतेक वेळा एकाच भागात सापडतात : फळ्यापासून लांब, खिडकीकडचा कोपरा, किंवा मुलींच्या रांगेचा शेवट. पुढच्या आठवड्यात शिकवताना तिथे उभे राहा, आणि महिन्याने तोच नकाशा पुन्हा भरा.